वही आधी, मशीन नंतर

मागच्या अंकात खाणीच्या धुळीवर दोनच परिच्छेद लिहिले होते, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देतेय. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. खाण असलेल्या गावात नाव छापून आलं की घरी कोण कोण येऊन बसतं हे मला माहितीये. पत्रं थोडी कापलीत, अर्थ बदललेला नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव कणकवली तालुक्यात, सिलिका वाळूच्या पट्ट्यात. खाणीतून माल निघतो, वॉशिंग प्लांटला धुतला जातो आणि डंपर आमच्या दारावरून जातात. पडवी सकाळी झाडली तरी दुपारपर्यंत परत पांढरा थर. मोहोरावर धूळ, काजूवर धूळ, आईचा खोकला तर दिवाळीपासून चालूच आहे. गावातली पोरं म्हणतात वर्गणी काढून हवा मोजायचं मशीन घेऊया, मोबाईलवर रीडिंग दिसतं, ते दाखवून खाण बंद पाडूया. आठ-दहा हजाराला मिळतं म्हणे. घ्यावं का? आणि एक अडचण आहे, माझ्या चुलतभावाचेच दोन डंपर या लाईनवर चालतात.

उत्तर : घ्या, पण लगेच नको. आधी दोनशे पानी वही घ्या. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

दुपारी कौलातल्या काचेतून कवडसा पडतो ना, त्यात धूळ तरंगताना दिसते. ती डोळ्यांना दिसते म्हणजेच ती बऱ्यापैकी जाडी असते, त्यातली बरीचशी नाका-घशात अडकते. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते ती साधारण ४ मायक्रॉनच्या खालची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस धरा ७० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीत असे सतरा-अठरा कण शेजारी शेजारी बसतील. ही धूळ कवडशात दिसत नाही आणि पडवीतही लवकर बसत नाही, तासन् तास हवेत राहते. पडवीतला पांढरा थर हा पुरावा आहेच, पण तो जाड्या धुळीचा पुरावा आहे असं समजा. जिथे जाडी धूळ एवढी येते तिथे बारीक किती येते हा खरा प्रश्न, आणि तो झाडूने सुटत नाही.

मग लोक विचारतात की समुद्रकाठी वाळूतच जन्म काढणाऱ्यांना सिलिकोसिस, म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, का होत नाही, तीही वाळूच. कारण किनाऱ्यावरचा कण मोठा असतो, लाटांनी घासून घासून गोल झालेला, तो श्वासातून आत जातच नाही. त्रास होतो कण फुटतो तेव्हा. खोदताना, भरडताना, चाळताना आणि डंपरच्या चाकाखाली पुन्हा पुन्हा दळला जाताना. नुकताच फुटलेला सिलिकाचा कण जुन्या कणापेक्षा फुफ्फुसाला जास्त बाधतो. वॉशिंग प्लांटवाले सांगतात की आमचं काम ओलं आहे, धूळ कुठली? काम ओलं आहे हे खरं. पण धुतल्यावर जो पिठासारखा गाळ खाली बसतो तोच सगळ्यात बारीक माल, मार्च-एप्रिलमध्ये ती तळी सुकली की वारा काय करतो ते बघायला हवं. तुमच्या वहीतलं पहिलं काम हेच, गाळाची तळी कुठे आहेत आणि कधी सुकतात.

आता मशीनबद्दल. स्वस्त सेन्सरमध्ये एक लेसर असतो, कणांवरून उजेड किती विखुरतो त्यावरून तो आकडा काढतो. त्याला कण सिलिकाचा की चुलीच्या धुराचा हे कळत नाही. जाडी धूळ, म्हणजे नेमकी खाणीची आणि रस्त्याची, तो कमी दाखवतो. आणि हवेत दमटपणा वाढला की उलट जास्त दाखवतो, कोकणात पावसाळ्यात आणि धुक्याच्या सकाळी त्याचे आकडे बघून घाबरूही नका आणि कोणाला दाखवूही नका. सिलिका किती हे नक्की काढायचं तर पंपाने ठरावीक वेग ठेवून हवा फिल्टरवर ओढावी लागते आणि तो फिल्टर प्रयोगशाळेत एक्स-रे डिफ्रॅक्शनने (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची पद्धत) तपासावा लागतो. ते खर्चाचं काम आहे, वर्षातून चार-पाच वेळाच परवडेल. म्हणून ते कुठल्या दिवशी आणि कुठल्या जागी करायचं हे आधी ठरवता आलं पाहिजे, आणि तेवढ्यासाठी सेन्सर उत्तम. तो खटला जिंकून देणार नाही, पण कुठे बघायचं ते नक्की सांगेल.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका गावासोबत (जिल्हा सांगत नाही) जनसुनावणीला गेले होते. पोरांच्या फोनमध्ये सातशेच्या वर फोटो आणि व्हिडिओ होते, धुळीचे लोट, न झाकलेले ट्रक, सगळं. अधिकाऱ्याने एकच विचारलं, हे कधीचं आणि कुठलं? फोटो एकमेकांना फॉरवर्ड होत होत आलेले, मूळ तारीख गेलेली, कोणी काढला तेही आठवेना. एक बाई मागून उठल्या, त्यांच्याकडे गॅस सिलिंडरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, रात्री किती वाजता आवाज सुरू झाला, कधी थांबला, घरात कोण खोकलं. सहा महिन्यांचं. इतिवृत्तात त्यांचं म्हणणं सविस्तर गेलं आणि सातशे फोटोंची एक ओळ झाली. तेव्हापासून मी सगळ्यांना वहीच सांगते.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, वारा कुठून (अंगणात काठीला जुन्या साडीची पट्टी बांधा, पुरे), तासाला किती डंपर गेले, किती झाकलेले, रस्त्यावर पाणी मारलं का, प्लांट चालू होता का आणि घरात कोणाला काय झालं. चार घरांनी चार वह्या ठेवा, त्यातलं एक घर खाणीपासून लांबचं असू द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि ज्या दिवशी धूळ नव्हती तो दिवसही लिहा. हे फार जणांना पटत नाही, पण रोज 'भयंकर धूळ' लिहिलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. तुमच्याकडे एक फायदा आहे, दुपारी वारा बहुतेक समुद्राकडून येतो आणि रात्री घाटाकडून उतरतो. म्हणजे एकच घर दिवसातून एकदा खाणीच्या वाऱ्यात असतं आणि एकदा नसतं. वारा फिरल्यावर आकडा फिरतो का एवढं बघितलं तरी सेन्सरचे निम्मे दोष बाजूला पडतात.

सरासरीचं गणितही आत्ताच समजून घ्या, कारण पुढे तेच तोंडावर मारलं जाणार आहे. आपल्याकडे पीएम २.५, म्हणजे हवेतली अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ, तिची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ, तिची १००. समजा सकाळी डंपर सुटतात ते ४ तास तुमच्याकडे पीएम २.५ चं रीडिंग २०० आहे आणि उरलेले २० तास २०. दिवसाची सरासरी येते ५०. कागदावर हवा मर्यादेत, आणि त्या ४ तासांत शाळेला निघालेली पोरं मात्र २०० मध्ये चालतायत. म्हणून तासाचे आकडे जपून ठेवा, नुसती सरासरी लिहून मोकळे होऊ नका. आणि हेही लक्षात ठेवा की बाहेरच्या हवेसाठी आपल्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत, त्यात सिलिका नाहीच. कामगारांसाठी मर्यादा आहे, गावासाठी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये वस्तीसाठी ३ मायक्रोग्रॅम हा आकडा ठरवला, तिकडची बरीच राज्यं त्याच्याशी तुलना करतात, तुम्हीही करू शकता, पण अर्जात तो आपला कायदा आहे असं लिहू नका, पहिल्याच भेटीत पत जाते.

चुलतभावाचं. हे तुम्ही लाजत लिहिलंय असं वाटलं, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. प्रत्येक खाणीच्या गावात अर्ध्या घरांची चूल त्या धंद्यावर असते. तुम्ही पहिल्याच दिवशी 'बंद करा' म्हणालात की भाऊ समोरच्या बाजूला जाऊन बसणार, आणि त्याचंही चुकत नाही, त्याला बँकेचा हप्ता आहे. सुरुवात ताडपत्रीपासून करा, वस्तीतून जाताना वेग, दिवसातून तीनदा पाणी, शाळा भरताना-सुटताना अर्धा तास डंपर बंद, हे त्याला मान्य व्हायला हरकत नाही कारण त्या रस्त्यावर दिवसभर सगळ्यात जास्त धूळ तोच खातो. त्याला वही दाखवा. जमलं तर एक वही त्याच्याच केबिनमध्ये ठेवा.

प्रश्न : मी मूळचा सावंतवाडीचा, अकरा वर्षं अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. इथे शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रॅकिंगसाठी वाळू काढायच्या खाणींवरून प्रचंड वाद झाला होता, आता बऱ्याच खाणी थंड पडल्यात. हे लोकांच्या आंदोलनाने झालं की धंदा बसल्याने? आपल्याकडच्या लोकांनी यातून काय घ्यावं?

उत्तर : खरं सांगायचं तर जास्त वाटा धंद्याचा. तेल आणि गॅससाठी खडक फोडताना त्याच्या भेगा उघड्या राहाव्यात म्हणून पाण्याबरोबर वाळू आत ढकलतात, त्यासाठी गोल आणि कडक दाणा लागतो आणि पश्चिम विस्कॉन्सिनच्या टेकड्यांमधला साधारण ५० कोटी वर्षं जुना वालुकाश्म त्याला अगदी फिट बसला. २०१० च्या आसपास तिथे झुंबड उडाली, चिपेवा, ट्रेम्पेलो, बॅरन अशा शेतकरी काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा). मग तेलाचा भाव पडला, आणि २०१७-१८ पासून टेक्सासातल्या कंपन्यांना विहिरीच्या जवळच चालणारी वाळू मिळाली, रेल्वेचं भाडं वाचलं, विस्कॉन्सिनचा माल महाग पडला. आंदोलनानेच खाणी बंद झाल्या असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

पण आंदोलनाने काहीच झालं नाही हेही खरं नाही, आणि मला त्यातली मोजणीची गोष्ट आपल्या लोकांना सांगायची आहे. तिथे खाणीच्या कुंपणाला मशीन असायचं ते कंपनीचं, आणि मोजायचं ते पीएम १०. बारीक पीएम २.५ यांत्रिक कामातून फारसं निघत नाही अशी सरकारी खात्याची भूमिका होती, म्हणून ते मोजायचं बंधन नाही. ओ क्लेअरच्या विद्यापीठात पर्यावरण आरोग्य शिकवणारे क्रिस्पिन पिअर्स आणि त्यांचे विद्यार्थी स्वतः मशीन घेऊन खाणी आणि प्लांटच्या आसपास मोजत फिरले, २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले की पीएम २.५ आहे आणि ते नीट मोजायला हवं. त्याच सुमाराला उद्योगाच्या बाजूने झालेली मोजणीही छापून आली, त्यात कुंपणाजवळची सिलिका ३ मायक्रोग्रॅमच्या बरीच खाली होती.

दोन्ही बाजूंच्या लोकांनी मग आपल्याला हवा तो अभ्यास हातात घेऊन दुसऱ्याला खोटं ठरवलं. मला विचाराल तर दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. एकाने मोजलं बारीक धूळ किती, दुसऱ्याने मोजली त्यातली सिलिका किती. एकाने थोडे दिवस मोजलं, दुसऱ्याने जास्त. आणि दोघांकडेही एक गोष्ट पुरेशी नव्हती, ती म्हणजे खाण सुरू व्हायच्या आधीची हवा. झुंबड इतक्या पटकन आली की बहुतेक ठिकाणी आधीचे आकडे घ्यायला कोणाला वेळच झाला नाही. ज्या गावात अजून नुसता प्रस्ताव आलाय त्या गावाने हे वाचावं आणि उद्यापासून मोजायला लागावं.

तुमच्या मिनेसोटातल्या विनोना शहराचं तर फारच शिकण्यासारखं आहे. लोकांनी मागणी लावून धरली, राज्याच्या प्रदूषण खात्याने २०१४ मध्ये वायएमसीएच्या इमारतीच्या छपरावर यंत्र बसवलं. आकडे आले ते दिलासा देणारे, सिलिका मर्यादेच्या बरीच खाली. लोकांनी ते लपवले नाहीत. त्यांनी मुद्दा धुळीपुरता ठेवलाच नव्हता, पाणी, डोंगरांचे कडे, ट्रकची वर्दळ, शेती, सगळं मिळून हा धंदा आम्हाला इथे हवा का असा तो होता. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये विनोना काउंटीने औद्योगिक वाळूच्या खाणींना जमीन वापराच्या नियमातूनच बंदी घातली. कंपनी कोर्टात गेली, २०२० च्या मार्चमध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीची बंदी कायम ठेवली. विस्कॉन्सिनमध्येही कुक्स व्हॅली नावाच्या छोट्याशा टाऊनने केलेला खाणीचा नियम २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात टिकला होता.

आपल्याकडे ग्रामसभेला काउंटीएवढा अधिकार नाही, हे मान्य. पण ठराव, जनसुनावणी आणि परवान्यातल्या अटी या तीन जागा आहेत आणि तिथे आपण रिकाम्या हाताने जातो. भारतातलंच उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूतल्या कडलूरचं आहे, सिपकॉट औद्योगिक वसाहतीजवळच्या गावकऱ्यांनी २००४ च्या सुमाराला आधी वासाची नोंद ठेवायला शिकून घेतलं, कुठला वास, कधी, कुठल्या वाऱ्याला. मग साध्या बादलीत बसवलेल्या पिशवीत हवेचे नमुने घेऊन प्रयोगशाळेला पाठवले. नोंदवही असल्यामुळे नमुना कधी घ्यायचा हे त्यांना माहीत होतं.

प्रश्न : माझे मिस्टर कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) बावीस वर्षं होते, आधी मोल्डिंगला म्हणजे साचे बनवायला, नंतर नॉकआउटला म्हणजे साचे फोडायला आणि फेटलिंगला म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला. दम लागतो, वजन उतरलंय. टीबी म्हणून एकदा सहा महिन्यांचा कोर्स झाला, दुसऱ्यांदा परत तेच सांगितलं. कफाच्या टेस्टमध्ये काही निघालं नव्हतं. तुमचं वाचून वाटलं की हे त्या वाळूमुळे असेल का? कोणाला विचारायचं?

उत्तर : ताई, मी डॉक्टर नाही, निदान मी करणार नाही. पण तुमची शंका अगदी रास्त आहे आणि ती डॉक्टरांसमोर याच शब्दांत मांडा. सिलिकोसिस आणि टीबी एक्स-रेवर एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि ज्याला सिलिकोसिस आहे त्याला टीबी व्हायची शक्यताही जास्त असते, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतं. त्यामुळे चालू असलेलं टीबीचं औषध स्वतःहून अजिबात थांबवू नका.

आपल्याकडे चूक होते ती बहुतेक वेळा एका प्रश्नापाशी. डॉक्टर विचारतात काय काम करता, आपण सांगतो कंपनीत होते. कंपनीत म्हणजे काहीच नाही. एका कागदावर लिहून न्या, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत कुठल्या खात्यात, साचे बनवताना वाळू कोरडी असायची का, नॉकआउटला साचा फोडताना धूळ ओढणारं ब्लोअर होतं का, ग्राइंडिंग किती तास, मास्क कसला, रुमाल की कसा. फाउंड्रीत सगळ्यात वाईट धूळ नॉकआउटलाच, कारण ओतकामाच्या उष्णतेने तडकलेली वाळू कोरडी फोडली जाते. छातीच्या डॉक्टरांकडे जा, जुने सगळे एक्स-रे बरोबर न्या, फेकून दिले असतील तर आधीच्या दवाखान्यात मागा. अहमदाबादला केंद्र सरकारची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, सिलिकोसिसवर तिथे खूप काम झालंय.

ईएसआयचं कार्ड असेल तर तिथे व्यावसायिक आजार म्हणून नोंद मागा. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, डॉक्टरने कळवायचा असतो, उपकार म्हणून नाही. नोकरीचे पुरावे आत्ताच गोळा करा, पगारपत्रक, पीएफचा उतारा, ओळखपत्र, सोबतच्या कामगारांची नावं. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी गुजरातेत गोध्र्याजवळ दगड दळायच्या कारखान्यात जायचे, तिथून आजार घेऊन परतायचे आणि गावात मरायचे. २००६ पासून त्यांची केस चालली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत कामगारांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला लावले. दहा वर्षं लागली, कारण बहुतेकांकडे नोकरीचा एक कागद नव्हता आणि गावागावात फिरून यादी करावी लागली.

सिलिकोसिस बरा होत नाही हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण नाव कळलं तर पुढची धूळ टाळता येते, टीबीवर नीट लक्ष राहतं, श्वासाचे व्यायाम, लसी, गरज लागली तर ऑक्सिजन, याने रोजचं जगणं नक्की सोपं होतं. आणि त्या खात्यात आज जी पोरं काम करतायत त्यांनाही कळतं. मला पुन्हा लिहा, कागद वाचायला मदत लागली तरी लिहा.

प्रश्न : आमच्याकडे चिऱ्याच्या खाणी आणि काळ्या दगडाचा क्रशर आहे, सिलिका वाळू नाही. म्हणजे आम्हाला धोका नाही ना? (राजापूर)

उत्तर : धोका वेगळा आहे, नाही असं नाही. जांभ्यात मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात सुटं क्वार्ट्झ (म्हणजे स्फटिक सिलिका) फारच कमी. त्यामुळे सिलिकोसिसची भीती वाळूच्या खाणीएवढी नाही. पण पीएम १० आणि पीएम २.५ दमा, हृदय, लहान पोरं यांना जे करायचं ते कुठल्याही दगडाचे असले तरी करतात. क्रशरसाठी आपल्याकडे स्वतंत्र नियम आहे, यंत्रापासून ठरावीक अंतरावर हवेतली एकूण धूळ ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. शिवाय पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, यंत्रांवर आच्छादन, आतले रस्ते पक्के. यातलं किती आहे हे बघायला मशीन लागत नाही, रस्त्यावर उभं राहून दिसतं.

प्रश्न : आम्ही तीन वेळा तक्रार केली. प्रत्येक वेळी अधिकारी आले त्या दिवशी प्लांट बंद, रस्त्यावर पाणी मारलेलं, सगळं चकाचक. रिपोर्ट आला 'प्रदूषण आढळले नाही'. आता काय करायचं? आमचे सेन्सरचे आकडे कोर्टात चालतील का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. कारवाईसाठी कायदेशीर नमुना तोच जो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने, नोटीस देऊन, सील करून घेतलाय. तुमच्या सेन्सरचा आकडा त्याची जागा घेत नाही. पण तो आकडा 'इथे, या वेळेला येऊन नमुना घ्या' ही मागणी इतकी नेमकी करतो की नाही म्हणणं अवघड जातं. 'आमच्याकडे धूळ आहे' असं लिहू नका. 'गेल्या ४० दिवसांपैकी ३१ दिवस पहाटे ५ ते ८ या वेळात, वारा पूर्वेचा असताना, शाळेजवळ धूळ इतकी वाढते, सोबत तक्ता, कृपया याच वेळेत तपासणी करावी आणि ग्रामपंचायतीचा एक माणूस हजर ठेवावा' असं लिहा. अर्ज एकदा मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, एकदा तहसीलदारांना, पोच घेऊन.

प्लांट त्या दिवशी बंद होता ना? मग ते कागदावर आणा. सिलिका वाळू २०१५ पासून गौण खनिज आहे, म्हणजे ती जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेकडे आणि महसूलकडे येते, आणि प्रत्येक गाडीला वाहतुकीचा पास लागतो. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जाने त्या आठवड्याचे रोजचे पास मागा. आदल्या दिवशी ६० गाड्या, तपासणीच्या दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी परत ६५ असं निघालं तर 'प्रदूषण आढळले नाही' या रिपोर्टचा अर्थ वाचणाऱ्याला आपोआप कळतो. तुमच्या वहीतली गाड्यांची मोजणी पासांपेक्षा जास्त निघाली तर तो आणखी वेगळाच विषय, महसूल बुडाल्याचा, आणि त्यावर सरकारी यंत्रणा धुळीपेक्षा लवकर हलते हा माझा अनुभव आहे.

संमतीपत्र मागा, म्हणजे मंडळाने प्लांट चालवायला दिलेली परवानगी. त्यात अटींची यादी असते. पर्यावरण मंजुरी असेल तर तिच्या अटी कशा पाळल्या याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, तोही मागा. दोन्ही कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचा, एक माणूस वाचेल आणि बाकीचे सांगतील हे आहे, हे नाही. झाडं लावली म्हणून लिहिलेलं असतं, कुठे आहेत ते गावालाच माहीत.

एवढं करून काही हललं नाही तर हवा कायद्याच्या ४३ व्या कलमाखाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, किंवा पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्याच्याकडे येतात. तिथे वादाचं कारण घडल्यापासून ६ महिन्यांत जावं लागतं, नुकसानभरपाईसाठी ५ वर्षं. ६ महिने फार पटकन जातात, तीन तक्रारी करेपर्यंतच जातात. म्हणून पहिल्या तक्रारीच्या दिवशीच वकिलाला तारीख सांगून ठेवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, शाळेसमोरून डंपर जातात. सातवीच्या मुलांकडून विज्ञान प्रकल्प म्हणून धूळ मोजून घेतली तर चालेल का? पालक चिडतील अशी भीती वाटते, काहीजण खाणीवरच कामाला आहेत.

उत्तर : चालेल, पण मुलांना धुळीत उभं करून नाही. ट्रक मोजायचे ते वर्गाच्या खिडकीतून. व्हरांड्यात एक आणि मागच्या बाजूला एक अशा सारख्या स्टीलच्या दोन ताटल्या ठेवा, २४ तासांनी ओल्या पांढऱ्या कापडाच्या तुकड्याने पुसा, तुकडा वहीत चिकटवा, खाली तारीख आणि वारा. पाऊस पडला तर तो दिवस सोडा. महिनाभराने ती वही नुसती उघडली तरी पालकांशी बोलायला सुरुवात होईल, आणि जे पालक खाणीवर आहेत त्यांना आधी बोलवा, कारण त्यांच्या शर्टावरची धूळ त्याच घरात धुतली जाते. त्यांना सांगा की कामाचे कपडे घराबाहेरच काढायचे, झटकायचे नाहीत, भिजवायचे.